टाकीच्या जागेवरची पाटी

आमच्या नगरसेवकांना सगळी धायरी 'भाऊ' म्हणते. मी म्हणत नाही. मला एक सख्खा भाऊ आहे आणि तो फोन केला की उचलतो, त्यामुळे या शब्दाकडून माझ्या काही अपेक्षा आहेत. मी त्यांना 'अहो साहेब' म्हणते. त्यांना ते आवडत नाही, पण सांगणार कसं?

प्रभागातून चार जण निवडून जातात. एकाकडे काम घेऊन गेलं की तो उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो, आणि तिघांकडे जाऊन येईपर्यंत पहिला परगावी गेलेला असतो. मधली काही वर्षं निवडणूकच झाली नाही, तेव्हा विचारायलाही कोणी नव्हतं. सगळा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती. मग एकदाची निवडणूक झाली. मी सकाळी लवकर जाऊन मत देऊन आले आणि बोटाची शाई घरात सगळ्यांना दाखवली, जणू काही मोठं काम करून आले होते. आता निदान जाब विचारायला माणसं आहेत, असं मला मनापासून वाटलं होतं. माणसं आली. जाबही विचारला. पुढचं सांगते.

मी पुण्यात मंडईच्या मागच्या गल्लीत वाढले. तिथे पाणी सकाळी यायचं, भरपूर यायचं आणि लोक नळ सोडून गप्पा मारायचे. नोकरी संपल्यावर धायरीत फ्लॅट घेतला, तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, 'खडकवासल्याच्या सान्निध्यात'. सान्निध्य खरं आहे, त्यात फसवणूक नाही. धरण इतकं जवळ आहे की रविवारी माणसं तिथे कणसं खायला जातात आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात. त्या धरणाचं पाणी आमच्या अंगणावरून म्हणावं असं पुढे शहरात जातं. आम्हाला टँकर येतो.

टँकरपाशीच माझी आबांशी ओळख झाली. आबा म्हणजे आमच्या सोसायटीच्या मागच्या उतारावर राहणारे म्हातारे शेतकरी. शेतकरी हे आता म्हणण्यापुरतं, कारण शेतावर इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीत मी राहत होते. पूर्वी त्यांची मेथी मंडईत जायची. आईनं ती घेतली असणारच, असं मी त्यांना एकदा म्हणाले, तर ते म्हणाले, "मग तुमी आमच्याच पाण्यावर वाढलाय, ताई." त्यांची विहीर होती तिथून आता रस्ता जातो. रस्त्याच्या वेळी ती बुजवली.

टँकर आला की आबांची बायको, म्हणजे आमच्या आजी, हंडा घेऊन उतारावरून खाली यायच्या आणि भरलेला हंडा घेऊन वर चढायच्या. दोन्ही गुडघे गेलेले. आबा मागून कळशी घेऊन चालायचे, पण ते स्वतःच दम खात, त्यामुळे ती मदत म्हणजे आजींना आणखी एकाकडे लक्ष देण्याचं काम होतं. मुलगा एमआयडीसीत पाळीवर असायचा. एकदा मी विचारलं, "आबा, सोसायटीच्या टाकीतून पाइप देऊ का वर?" तर त्यांनी उतारावरच्या एका मोकळ्या तुकड्याकडे हात केला. बाभळी वाढलेल्या, मधे एक दगड.

"टाकी तितं व्हायची हाय," ते म्हणाले. "जागा म्या दिलीया. हिला लगीन करून आणली तवा शब्द दिला होता, दारात पाणी आणीन. पयली विहीर खणली. ती गेली. आता टाकी."

गाव पंचायतीत होतं तेव्हा आबांनी तो तुकडा पाण्याच्या टाकीसाठी देऊ केला होता. फुकट. मग गाव शहरात आलं. शहरात आलेल्या गावाची गंमत अशी की घरपट्टी लगेच शहरी होते आणि पाणी गावातलंच राहतं. टाकीचा आराखडा झाला, जलवाहिनी गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबली. आता पालिकेनं आबांची जागा ताब्यात घ्यायची, त्यासाठी सभागृहानं एक ठराव करायचा, एवढंच उरलं होतं. देणारा देतो आहे, घेणाऱ्यानं फक्त 'घेतली' म्हणायचं. सभागृहाला ते म्हणता येत नव्हतं.

का येत नव्हतं हे कळायला मला वेळ लागला, आणि कळल्यावर मी घरात मोठ्यानं हसले होते. टाकीला नाव काय द्यायचं, यावर भांडण होतं. भाऊंनी उपसूचना दिली होती की टाकीला त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव द्यावं. आमच्याच प्रभागातले दुसरे नगरसेवक, जे भाऊंच्या पक्षातले पण दुसऱ्या गटातले, त्यांनी उपसूचना दिली होती की टाकीला त्यांच्या नेत्याच्या मातोश्रींचं नाव द्यावं. विषय आला असता तर मतदान झालं असतं, मतदान झालं असतं तर गट उघडे पडले असते. म्हणून विषय येऊच द्यायचा नाही, यावर दोन्ही गट ठाम होते. अशा रीतीनं जी टाकी नव्हती तिला दोन नावं होती.

विषय येऊ न देण्याची त्यांची रीत सभ्य होती. ते सभा तहकूब करत. आणि तहकूब करण्यासाठी त्यांना कोणीतरी मेलेलं लागे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबा माझ्याबरोबर होते. सभा बघायला प्रेक्षक गॅलरीत जायचं तर पास लागतो आणि तो नगरसेवकाकडून घ्यावा लागतो. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याचीच परवानगी घ्यायची. भाऊंनी पास आनंदानं दिले, कारण त्यांना वाटलं आम्ही त्यांचं भाषण ऐकायला येतो आहोत. आबांनी धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घातली होती. खाली सभागृहात पंखे फिरत होते, सभासद एकमेकांच्या खुर्च्यांपाशी जाऊन बोलत होते आणि आबा विषयपत्रिकेवर आमच्या विषयावर बोट ठेवून बसले होते. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण मी दाखवून दिल्यापासून ते बोट त्यांनी हलवलं नाही.

महापौर आले. एका सभासदानं उठून सांगितलं की कुठल्याशा दूरच्या राज्यातले एक माजी मंत्री निवर्तले आहेत. सगळे उभे राहिले. आबाही उभे राहिले, हात जोडून, डोळे मिटून. त्या अनोळखी माणसासाठी त्या सभागृहात खरोखर हळहळलेला माणूस तो एकच असावा. मग त्या सभासदानं सूचना मांडली की दिवंगतांच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करावी, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं आणि सगळे चहाला गेले. आबांचं बोट विषयावरच होतं.

जिन्यात त्यांनी मला विचारलं, "ताई, आपला इषय कवा घेत्यात?"

"आज नाही घेणार. सभा तहकूब झाली."

"म्हंजी?"

"म्हणजे गेलेल्या माणसाला मान म्हणून आज काम बंद."

आबा दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "घरात मयत असलं तरी दावणीच्या जनावराला पाणी पाजावंच लागतं, ताई," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. हे या लोकांना कोणी सांगितलं नसेल, असं त्यांना वाटत होतं. आपण सांगितलं तर ते ऐकतील, असंही.

म्हणून आम्ही भाऊंच्या जनसंपर्क कार्यालयात गेलो. तिथे भिंतभर भाऊंचे फोटो आहेत, सगळ्यांत भाऊ कुणाला तरी काहीतरी देत आहेत. मी विचारलं, "अहो साहेब, श्रद्धांजली आधी वाहायची आणि मग काम करायचं, असं का नाही करता येत?"

"ताई, ती सभागृहाची परंपरा आहे."

"बरं, मग काम आधी करा आणि मग तहकूब करा. मेलेल्या माणसाला घाई नसते."

भाऊ हसले. माझ्याशी बोलताना ते नेहमी हसतात, लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसं. "तुम्ही आबांना समजावा," ते म्हणाले. "राजकारणात वेळ बघावी लागते. विषय माझ्या मनात आहे." आबांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, मनात आहे म्हणजे झालं. मी त्यांना घरी जाताना सांगितलं की अशा माणसांच्या मनात पुष्कळ जागा असते, पण ती ताब्यात घेता येत नाही. आबांना ते फारसं कळलं नाही किंवा त्यांनी कळू दिलं नाही.

त्यानंतर सभा लागत राहिल्या आणि माणसं मरत राहिली. शहर मोठं, देश त्याहून मोठा, त्यामुळे मरणाची कधी टंचाई पडली नाही. एकदा तर एका परदेशी खेळाडूला श्रद्धांजली वाहिली आणि त्याचं नाव सूचना मांडणाऱ्याला नीट घेता आलं नाही. मी दर वेळी जात होते. आबांचं जाणं कमी झालं, मग थांबलं. उतार चढून घरी पोचणंच त्यांना जड जाऊ लागलं. मी परत आले की ते ओट्यावरून विचारत, "आज कोण गेलं?" त्या प्रश्नाची मला चीड येऊ लागली होती. त्यांची नाही. हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला विचारावा लागतो याची.

आणि मग आबाच गेले. झोपेत, त्रास न होता. आजी सकाळी हंडा घेऊन निघाल्या, हाक मारली तर उत्तर नाही.

आमच्या भागात दशक्रियेला भाषणं असतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. नदीकाठी घाटावर एकीकडे मुलगा गुरुजी सांगतील ते करत असतो आणि दुसरीकडे लाउडस्पीकरवर पुढारी श्रद्धांजली व्यक्त करत असतात. क्रम लावलेला असतो, क्रमावरून मानापमान होतात आणि ज्याला बोलायला मिळत नाही तो पुढच्या मयतापर्यंत लक्षात ठेवतो. आबांच्या दशक्रियेला चारही नगरसेवक आले. आबा हयात असताना त्यांनी चौघांना एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चांगले चारपाच बसलेले, खाली येत नव्हते. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असं धरतात. मग घरच्यांनी एकेकानं हात जोडून शब्द द्यायचा असतो. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळे झाडावर. सून म्हणाली, नणंदांचं माहेरपण कमी पडू देणार नाही. कावळे झाडावर. कोणीतरी म्हणालं, नातीचं शिक्षण पुरं करू. मी या गोष्टी मानत नाही, पण खोटं का बोलू, त्या वेळी मीही झाडाकडेच बघत होते.

आजी बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "टाकीचं बोला."

सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊंच्या हातात माइक होता, त्यांचं भाषण व्हायचं होतं. निसटायला जागा नव्हती. त्यांनी चप्पल काढली, पिंडापुढे गेले, हात जोडले. माइक हातात तसाच, त्यामुळे ते सगळ्या घाटाला ऐकू गेलं. "आबा, येत्या सभेत तुमचा टाकीचा विषय मार्गी लावतो. शब्द देतो." ते मागे सरले आणि कावळा आला. लोक कुजबुजले, बायकांनी डोळे पुसले. मला आठवतं, माझ्या मनात आलं की कावळाही शेवटी मतदारच निघाला.

पण मला बरं वाटलं होतं, तेही लिहिते. मेलेल्या माणसाच्या पिंडापुढे, शेपाचशे माणसांसमोर दिलेला शब्द मोडायला माणूस फारच निगरगट्ट लागतो, असा माझा हिशेब होता. त्या दिवशी संध्याकाळी टाकीच्या जागेच्या कुंपणाला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागला. त्यावर आबांचा फोटो होता आणि त्याच्या दुप्पट भाऊंचा. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सभेच्या काही दिवस आधी शंका आली. दूध आणायला गेले तर दुकानात कोणी म्हणालं, आपल्या आबांना सभागृहात श्रद्धांजली वाहणार आहेत. मी पिशवी तशीच घेऊन भाऊंच्या कार्यालयात गेले.

"अहो साहेब, येत्या सभेत आबांचं नाव घेऊ नका."

भाऊंनी छातीवर हात ठेवला. "ताई, काय बोलताय? ते मला वडिलांच्या जागी होते."

"म्हणूनच सांगते. वडिलांच्या नावासाठी तुम्ही टाकी आधीच अडवली आहे. आता आणखी एक वडील नकोत."

या वेळी ते हसले नाहीत. "आबांच्या मुलानं स्वतः येऊन सांगितलंय मला," ते म्हणाले. "त्यांच्या घरच्यांची इच्छा आहे. तुम्ही कोण मधे?"

मी उतार चढून आबांच्या घरी गेले. मुलगा कामावरून नुकताच आला होता. त्यानं नाकारलं नाही. "मॅडम," तो म्हणाला, "आमच्या वाडीतल्या कुठल्या मानसाचं नाव आजवर त्या सभागृहात कुणी घेतलंय? मोठ्यामोठ्यांचं घेत्यात. आमच्या आबांचं घेनारेत. सगळं सभागृह उभं ऱ्हानार हाय त्यांच्यासाठी. पेपरात येईल."

मी त्याला सांगितलं की उभं राहून झालं की सभा संपेल आणि टाकीचा विषय तसाच राहील. तो म्हणाला, भाऊंनी शब्द दिलाय, श्रद्धांजलीनंतर विषय घेणार. भाऊंवर मी जेवढी चिडले होते त्यातली थोडीही चीड मला त्याच्यावर काढता आली नाही. बापाला आयुष्यात मान मिळाला नाही, मेल्यावर मिळतोय, तो कोणता मुलगा नको म्हणेल? मला त्याचं वाईट वाटलं. भाऊंना हे बरोबर माहीत होतं, म्हणून तर त्यांचं राजकारण चालतं.

आजी उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. आमचं बोलणं त्यांनी सगळं ऐकलं.  फक्त विचारलं, "सभा कवाची हाय?"

मी सांगितलं.

"मला बी न्या," त्या म्हणाल्या.

गॅलरीत आम्ही पहिल्या रांगेत बसलो. आजी, मुलगा, मी आणि गल्लीतले काही लोक. आजी हिरवं लुगडं नेसायच्या, त्या दिवशी पांढऱ्यावर निळी फुलं असलेलं नेसल्या होत्या, मुलानं आणलेलं. सुरुवातीला राष्ट्रगीत झालं तेव्हा त्या उभ्या राहिल्या, गुडघा धरून, पण सरळ. विषयपत्रिकेवर आमचा विषय वरच होता. मी त्यांना दाखवला. त्यांनी बघितला, बोट ठेवलं नाही.

मग भाऊ उठले. आबा कसे साधे, कसे दानशूर, पाण्यासाठी कसे तळमळत होते, त्यांचा आवाज भरून आला. खोटा नसेलही. मुलगा माझ्या शेजारी रडत होता. आणि शेवटी भाऊ म्हणाले, "पाण्यासाठी आयुष्यभर झटलेल्या या थोर आत्म्याच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करण्यात यावी, अशी मी सूचना मांडतो." अनुमोदन द्यायला उठले ते दुसरे नगरसेवक, मातोश्रींच्या नावाचे. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मुलाचं रडणं थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

खाली सगळे उभे राहिले. गॅलरीतही सगळे उभे राहिले, माझ्यासकट. अंग आपोआप उठतं, डोकं मागून येतं. आजी उठल्या नाहीत. त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि खाली बघत होत्या. गॅलरीचा सुरक्षारक्षक वाकून हळूच म्हणाला, "आजी, उभ्या राहा. श्रद्धांजली चालू आहे."

"कुनाची?" आजींनी विचारलं. त्या हळू बोलल्या नाहीत. सभागृहात दोन मिनिटांची शांतता होती, त्यामुळे सगळं खालपर्यंत गेलं.

रक्षक गोंधळला. "तुमच्याच... घरच्यांची ना?"

"मग मला नका शिकवू. त्यांचं पानी अडवायला त्यांचंच नाव घेत्यात, अन् म्या उभी ऱ्हाऊ?"

खाली कोणाला मान वर करता येत नव्हती, कारण श्रद्धांजली चालू होती. काहींनी डोळे तेवढे वर केले. मी बसले. गल्लीतले लोक एकेक करून बसले. मुलगा सगळ्यांत शेवटी बसला. त्याचे हात जोडलेलेच होते, ते बसल्यावर सुटले. महापौरांनी सभा तहकूब केली.

पोर्चमध्ये भाऊ हात जोडून आले. त्यांना वाटलं म्हातारी रडेल. "आजी, सगळ्या सभागृहानं मान दिला आबांना."

"दिला," आजी म्हणाल्या. "आता पुडच्या सभेला कोन? आमच्या घरात म्हातारं मानूस म्हनून म्या एकलीच उरलीया. पर म्या इतक्यात मरायची न्हाई. अन् मेले तर माझं नाव तितं घ्यायचं न्हाई. काय?"

 भाऊंच्या मागे फोटोवाला उभा होता, त्यानं कॅमेरा खाली केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी माझ्या दारात आल्या. एवढा जिना चढून त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं हाय. एक पाटी लिवून द्या." मजकूर त्यांनी सांगितला, भाषा मी जरा मंडईच्या मागच्या गल्लीची घातली. मुलानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरवला, त्याच्याच चौकटीच्या फळ्यांवर पत्रा ठोकला आणि टाकीच्या जागेत, त्या दगडाशेजारी, पाटी उभी केली.

'या जागेच्या मालकास श्रद्धांजली वाहून झाली आहे. आता टाकी बांधावी. पुढील सभेसाठी या घरात कोणीही मरणार नाही, याची सभागृहाने नोंद घ्यावी.'

पुण्यात पाटीला वाचक मिळतोच. आधी गल्ली आली, मग सिंहगड रस्त्यावरून मुलं मोटारसायकली वळवून फोटो काढायला आली, मग ती पाटी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. दुसऱ्या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या नगरसेवकांना निरोप पाठवले की आमचं काही झालं तर सभागृहात आमचं नाव नको. एका आजोबांनी ते मुलांकडून कबूल करून घेतलं, असं मी ऐकलं. भाऊंचा मला फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः केला होता. मी उचलला, कारण आमच्या घरात फोन उचलायची पद्धत आहे. "ताई, ही बदनामी आहे. आजींना सांगा, पाटी काढा." मी म्हणाले, जागा त्यांची, त्यांना विचारा.

मग पालिकेची दोन माणसं गाडी घेऊन आली, पक्कड, हातोडा सगळं बरोबर. विनापरवाना फलक आहे, वरून सांगितलंय, काढायला लागेल. गल्ली जमली. आजी हंडा घेऊन निघालेल्या, तशाच पाटीपाशी आल्या आणि हंडा दगडावर ठेवला.

"जागा कुनाची?" त्यांनी विचारलं.

एकजण म्हणाला, "टाकीसाठी राखीव आहे. पालिकेची."

"कदी झाली? तुमी घेतली कुटं? त्यांनी हयातभर द्या-द्या केलं, तुमी घेतली न्हाई. म्हंजी अजून माझीच हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता, टँकरवाल्याशी बोलतात तसाच होता. "पाटी काडायची न्हवं? काडा. आधी सभा भरवा, ठराव करा, जागा ताब्यात घ्या. मग तुमच्या जागेतली पाटी तुमी काडा. म्या आडवी येनार न्हाई."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं भाऊंना फोन लावला आणि आजी म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं.  "हॅलो, साहेब?" तो दोनदा म्हणाला. मग त्यानं फोन खिशात ठेवला, आजींना वाकून नमस्कार केला आणि दोघं पाटीला हात न लावता निघून गेले.

आजींनी हंडा उचलला. खाली टँकर आला होता.